पाणी थांबलं तरी इंजिन वाचलं पाहिजे: टर्बो पेट्रोल गाडीत वॉटर-मिथेनॉल इंजेक्शन कसं बसवायचं

रिमॅप केलेली, म्हणजे ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा) मॅप बदलून ताकद वाढवलेली टर्बो पेट्रोल गाडी जानेवारीच्या पहाटे जशी ओढते, तशी एप्रिलच्या दुपारी ओढत नाही. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती तापते. इंटरकूलर तिला निववतो, पण बाहेरच चाळीस अंश असतील तर त्याच्याही हातात फारसं काही राहत नाही. तापलेली हवा सिलिंडरमध्ये गेली की पेट्रोलचं मिश्रण ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच आपोआप पेट घेऊ लागतं. त्यालाच नॉक म्हणतात. तो ऐकू आला की ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि तुम्ही पैसे मोजून घेतलेली ताकद तिथेच विरते.

वॉटर-मिथेनॉल इंजेक्शन म्हणजे बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) चढल्यावर इंटरकूलरच्या पुढे, थ्रॉटल बॉडीच्या अलीकडे, हवेत पाण्याचा किंवा पाणी आणि मिथेनॉल (एक विषारी अल्कोहोल) यांच्या मिश्रणाचा बारीक फवारा मारणं. एक किलो पाण्याची वाफ व्हायला साधारण २,२५० किलोज्यूल उष्णता लागते. मिथेनॉलला सुमारे १,१००, तर पेट्रोलला जेमतेम ३५०. ही उष्णता दाबलेल्या हवेतून आणि सिलिंडरमधून शोषली जाते. मिथेनॉलचा ऑक्टेन वरचा असल्याने तोही नॉक रोखतो.

कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात मेसरश्मिट १०९ या जर्मन लढाऊ विमानात निम्मं पाणी आणि निम्मं मिथेनॉल असं मिश्रण वापरत. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बो गाडी याच तत्त्वावर विकायला आली, आणि बीएमडब्ल्यूने एम-४ जीटीएसमध्ये फक्त पाणी वापरलं. जेटफायरची एक गोष्ट ध्यानात ठेवा: टाकी रिकामी झाली की तिचा बूस्ट आपोआप खाली यायचा. बाजारातलं किट बसवणारे बहुतेक लोक नेमका हाच भाग सोडून देतात आणि इंजिनं तिथेच जातात. पुढची प्रत्येक पायरी या एका प्रश्नावर घासून बघा: फवारा आत्ता, पूर्ण बूस्टवर, बंद पडला तर काय होईल?

हा लेख टर्बो पेट्रोल गाड्यांसाठी आहे. डिझेलमध्ये मिथेनॉल जास्तीचं इंधन म्हणून जळतं आणि प्रमाण चुकलं तर भलत्या वेळी पेटतं. तिथले आकडे वेगळे आहेत, इथले वापरू नका.

१. आधी गाडी तपासा, किट नंतर मागवा

फवारा आजारी गाडीचं औषध नाही. आधी एक लॉग घ्या, म्हणजे गाडी चालताना सेन्सरचे आकडे नोंदवा. फोक्सवॅगन-स्कोडा असेल तर व्हीसीडीएस किंवा ओबीडी-इलेव्हन, इतर गाड्यांसाठी चांगलं ओबीडी उपकरण. डायनोवर (ताकद मोजायच्या रोलरवर) किंवा ट्रॅकवर तिसऱ्या गिअरमध्ये २,००० ते ६,००० आरपीएमपर्यंत पूर्ण थ्रॉटल द्या आणि चार गोष्टी नोंदवा: आत येणाऱ्या हवेचं तापमान, मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण), आणि प्रत्येक सिलिंडरचं मागे घेतलेलं टायमिंग.

लॉग असा वाचा. दुपारी सगळे सिलिंडर पाच-सहा अंश मागे जातात आणि पहाटे एक-दोनच, तर त्रास उष्णतेचा आहे आणि फवाऱ्याचा उपयोग होईल. एकच सिलिंडर मागे जात असेल तर प्लग, कॉइल किंवा इंजेक्टर बघा. मिळालेला बूस्ट मागितल्यापेक्षा कमी असेल तर होज कुठेतरी फाटलेला आहे. तो आधी शोधा.

दोन गैरसमज इथेच काढून टाकू. बोरघाटात किंवा कसाऱ्याला चढताना कूलंटचा काटा वर जात असेल तर फवारा काही करणार नाही. घाटात भार लांबवर असतो पण बूस्ट मध्यम असतो, फवारा सुरूच होत नाही. ते काम रेडिएटर, पंखा आणि थर्मोस्टॅटचं. दुसरं, फवाऱ्यामुळे वाढणारा टॉर्क गिअरबॉक्सला झेपला पाहिजे. आपल्याकडच्या ऑक्टेव्हिया १.८ टीएसआयमधला सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) २५० न्यूटन-मीटरसाठी बनलेला आहे आणि गाडी कंपनीतून येतानाच तेवढा टॉर्क देते. तिथे फवारा टायमिंग टिकवण्यासाठी वापरा, बूस्ट वाढवण्यासाठी नको.

२. कायदा, कागद आणि मिथेनॉल

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मोकळीक देत नाही. परवानगीशिवाय सुटे भाग जोडून बदल केला तर कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून हे काम ट्रॅकच्या गाडीसाठी आहे असंच धरून चाला. कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला स्पर्धेत उतरणार असाल तर तुमच्या गटाच्या नियमावलीत इंजेक्शन चालतं का ते आधी वाचा. वॉरंटी गेली असं समजा. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा.

हाताशी ठेवायचे कागद: आरसी, विम्याची पॉलिसी आणि बदलाबद्दलचा पत्रव्यवहार, आधीचा आणि नंतरचा लॉग, ट्यूनरकडून (मॅप करून देणाऱ्याकडून) मूळ मॅपची फाइल, आणि मिथेनॉल वापरणार असाल तर त्याचं बिल व सुरक्षा-पत्रक.

आता मिथेनॉल. महाराष्ट्रात ते विष म्हणून नियंत्रित आहे, साठा आणि विक्रीला परवाना लागतो. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉलमुळेच. कुणी ओळखीचा केमिकलवाला कॅनमधून सुटं द्यायला तयार असला तरी घेऊ नका. परवानाधारक विक्रेता, बिल आणि लेबल, या तिन्हींशिवाय नाही.

शरीरावरचा परिणाम नीट समजून घ्या. दहा मिलीलीटर पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते. कातडीतून आणि वाफेतूनही ते शरीरात जातं. त्रास लगेच जाणवत नाही, बारा ते चोवीस तासही लागू शकतात, म्हणून ‘काही झालं नाही’ असं म्हणून थांबू नका. पोटात गेल्याचा संशय आला तरी थेट मोठ्या रुग्णालयात जा आणि दारातच ‘मिथेनॉल’ हा शब्द सांगा, त्यावर वेगळा उतारा द्यावा लागतो. निळे नायट्राइलचे हातमोजे मिथेनॉल फार वेळ रोखत नाहीत, ब्यूटाइल रबरचे घ्या. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत ते कधीही, पाच मिनिटांसाठीही, भरू नका. मिश्रण पाण्यासारखंच दिसतं, आणि गॅरेजमध्ये तहानलेला मुलगा समोरची बाटली उचलतो.

मिथेनॉलची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. पंपाजवळ हवा थरथरताना दिसते, हाताला चटका बसतो, पण आग कुठे आहे ते कळत नाही. पावडरचा अग्निशामक हाताच्या अंतरावर ठेवूनच काम करा.

या सगळ्याचा विचार करता आमचा सल्ला स्पष्ट आहे: सुरुवात निव्वळ पाण्याने करा. पाणी गोठू नये हाही मिथेनॉल घालण्यामागचा एक हेतू असतो, पण पुणे-नागपुरात तो प्रश्नच नाही. नॉक रोखण्याचं बरंचसं काम एकटं पाणी करतं. शिवाय पाणी इंधन नाही. मिथेनॉल घातलं की ट्यूनर तेवढं पेट्रोल कमी करतो, आणि मग फवारा थांबला की नॉक वाढतो आणि हवा-पेट्रोलचं मिश्रणही त्याच क्षणी पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं. पाणी थांबलं तर फक्त नॉकपासूनचं संरक्षण जातं.

३. नोझल किती मोठा? हिशेब करा

नोझलचा आकार अंदाजाने घेणं ही सर्रास होणारी चूक. नियम असा: फवाऱ्याचं प्रमाण पूर्ण ताकदीवर जळणाऱ्या पेट्रोलच्या १० ते १५ टक्के.

उदाहरण म्हणून २२० हॉर्सपॉवरची गाडी घेऊ, म्हणजे सुमारे १६४ किलोवॅट. टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण भारावर दर किलोवॅट-तासाला साधारण ०.३३ किलो पेट्रोल पितं. म्हणजे तासाला ५४ किलो, ७२ लिटरच्या आसपास, मिनिटाला १,२०० मिलीलीटर. त्याचे १० टक्के १२०, १५ टक्के १८०.

नोझलवर लिहिलेला आकडा ठरावीक दाबाला असतो आणि समोरून बूस्ट त्याला ढकलत असतो. पंपाचा दाब १० बार आणि बूस्ट १.३ बार असेल तर नोझलवर खरा दाब ८.७ बार. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून १० बारला १८० देणारा नोझल इथे १६८ देईल. किटच्या कागदावर नोझलचा आकडा कोणत्या दाबाला आहे ते बघा. काहींचा ७ बारला असतो, काहींचा १४ बारला, आणि या फरकाने सगळं गणित फिरतं.

पहिला नोझल १० टक्क्यांचा घ्या, मोठा जवळ ठेवा. पाणी जास्त झालं तर ठिणगी विझते, गाडी झटके देते आणि लोक पंपाला दोष देत बसतात.

४. सामान

- टाकी: ३ ते ५ लिटरची, एचडीपीई प्लास्टिकची, हवा आत-बाहेर जायची श्वासनळी आणि तळाशी फिल्टर असलेली. पातळी दाखवणारा सेन्सर हवाच.
- पंप: १२ व्होल्टचा डायफ्राम पंप, १० ते १४ बार दाबाचा. मिथेनॉलचा बेत असेल तर डायफ्राम आणि सील ईपीडीएम रबरचे आहेत याची खात्री करा. विटॉन हे रबर पेट्रोलला उत्तम, पण त्याच्या सर्वसाधारण प्रती मिथेनॉलमध्ये फुगतात.
- बंद करणारा सोलेनॉइड (विजेवर उघडणारा) व्हॉल्व्ह आणि एकदिशी व्हॉल्व्ह.
- पाव इंची नायलॉन नळी, दाबून बसणाऱ्या जोडण्यांसह.
- नोझल दोन आकारांचे, आणि वेल्ड करायचा बंग (नोझल बसवायची आट्यांची बुटकी नळी).
- बूस्टवर चालणारा कंट्रोलर.
- प्रवाह मोजणारा सेन्सर. किटमध्ये नसेल तर वेगळा घ्या. याच्याशिवाय पुढे जाऊ नका.
- १५ अँपिअरचा फ्यूज, रिले, २.५ चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर, पाणी न शिरणारे कनेक्टर.
- हत्यारं: नळी कापायचा कटर, मल्टिमीटर, मोजपात्र, टीडीएस मीटर (पाण्यातले क्षार मोजणारा), एक अष्टमांश इंची एनपीटीचा (अमेरिकी पद्धतीच्या आट्यांचा) टॅप, ८.७ मिलीमीटरचा ड्रिल.

पैसे वाचवायला पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राचा पंप आणि पांढरी नळी वापरायचा मोह होतो, कारण नळीचा आकार तोच आणि जोडण्याही तशाच दिसतात. पण ती नळी स्वयंपाकघरातल्या गार पाण्यासाठी आहे. बॉनेटखाली ऐंशी अंशांत ती मऊ पडते आणि दहा बारला जोडणीतून सटकते. पंपाचे सील तर मिथेनॉलसाठी नाहीतच.

५. टाकी आणि पंप

पंप पाणी ढकलतो चांगलं, ओढतो वाईट. म्हणून टाकीचा तळ पंपाच्या वर किंवा निदान बरोबरीने असू द्या, आणि दोघांमधली नळी हातभरापेक्षा लांब नको. पंप बसवताना पाण्याचा भाग खाली आणि मोटर वर, म्हणजे सील गळलं तरी पाणी मोटरमध्ये शिरणार नाही. रबरी बुशवर बसवा, नाहीतर पूर्ण केबिन घरघरतं.

टाकी कुठे? पोलो, ऑक्टेव्हिया यांसारख्या गाड्यांत डिकी आणि केबिनची हवा एकच असते. नुसतं पाणी असेल तर डिकीत टाकी चालेल. मिथेनॉल असेल तर नाही. तेव्हा पुढच्या बंपरमागे किंवा चाकाच्या कमानीत पत्र्याआड जागा करा आणि श्वासनळी बाहेर सोडा. कमानीत पावसाळ्याचा चिखल थेट येतो, म्हणून कनेक्टर खालच्या तोंडाने आणि ग्रीस भरून.

६. पाइपवर नोझल

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

जागा: इंटरकूलरच्या पुढे, थ्रॉटल बॉडीच्या १५ ते २० सेंटिमीटर आधी, प्रवाहाला काटकोनात. टर्बोच्या आधी नको, थेंब कॉम्प्रेसरची पाती खातात. थ्रॉटलच्या पुढेही नको, कारण आयडलला तिथे निर्वात असतो आणि तो नोझलमधून पाणी शोषत राहतो. पाइपच्या सगळ्यात खालच्या वळणावर तर अजिबात नको. तिथे थेंब साठतात, आणि साठलेलं पाणी एकदम सिलिंडरमध्ये गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी दाबलं जात नाही.

थ्रॉटलजवळ दाब आणि तापमानाचा सेन्सर असेल तर नोझल त्याच्या पुढे घ्या. जागाच नसेल तर निदान १५ सेंटिमीटर लांब. ओला झालेला सेन्सर हवा आहे त्याहून थंड सांगतो, आणि ईसीयू त्यावर विश्वास ठेवून टायमिंग पुढे नेतो. नॉक थांबवायला बसवलेली वस्तू नॉक आणते ती अशी.

कंपनीच्या प्लास्टिक पाइपला थेट आटे पाडू नका, भिंत पातळ असते आणि पहिल्या उन्हाळ्यात तडकते. ॲल्युमिनियमचा पाइप घ्या आणि त्यावर बंग वेल्ड करून घ्या. पाइप गाडीतून काढूनच ड्रिल करा, कारण धातूचा एक कीस वाल्वखाली अडकायला पुरेसा असतो.

आट्यांचा सापळा आपल्याकडे खास आहे. किटच्या जोडण्या एनपीटी असतात, इंचाला २७ आटे, कोन ६० अंश. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात नुसतं ‘एक अष्टमांश’ मागितलं की बीएसपी (ब्रिटिश पद्धतीचे आटे) मिळतं, इंचाला २८ आटे, कोन ५५ अंश. दोन्ही हातात सारखेच दिसतात. बीएसपीच्या बंगमध्ये एनपीटीचा नोझल दोन-अडीच फेरे अगदी गुळगुळीत जातो आणि मग अडतो. पाना लावून जोर दिला की घट्ट झाल्यासारखं वाटतं, पण आतले आटे चिरडलेले असतात आणि दाबाखाली कडेने थेंब येतो. हाताने तीन-चार फेरे गेला नाही तर थांबा आणि आट्यांच्या गेजने मोजा. लेथवाल्याकडे जाताना नोझल सोबत न्या, तोंडी माप सांगू नका.

आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिचा तुकडा सुटून नोझलचं भोक बुजतं, आणि ते भोक अर्ध्या मिलीमीटरच्या आसपासचंच असतं. द्रव सीलंट वापरा, पहिला आटा कोरडा सोडून.

सोलेनॉइड नोझलपासून हातभराच्या आत ठेवा. त्यामुळे फवारा लगेच सुरू होतो आणि बंद झाल्यावर नळीतलं पाणी ठिबकत राहत नाही. नळी कात्रीने कापली की तोंड चपटं होतं आणि जोडणीतली रिंग नीट बसत नाही, म्हणून कटरनेच, सरळ काटकोनात कापा. टर्बो आणि एक्झॉस्टपासून लांबून न्या, जवळून जावंच लागलं तर उष्णतारोधक आवरण घाला.

७. वायरिंग

पंपाची वायर थेट बॅटरीवरून, बॅटरीपासून वीतभरात फ्यूज, मग रिले. कंट्रोलरची वायर चावी चालू असतानाच वीज येते अशा ठिकाणाहून. अर्थ बॉडीच्या उघड्या धातूवर, रंग खरवडून. वायरला टोचून बसणारे क्लिप वापरू नका, पावसाळ्यात आतून हिरवे पडतात.

बूस्टची नळी थ्रॉटलच्या पुढून, मॅनिफोल्डवरून घ्या आणि क्लिप लावा. ती सुटली तर कंट्रोलरला बूस्ट शून्य दिसतो आणि फवारा सुरूच होत नाही.

आता मुख्य जोडणी. प्रवाहाच्या सेन्सरला दोन मर्यादा असतात. प्रवाह खालच्या मर्यादेखाली गेला तर नोझल बुजला किंवा टाकी रिकामी झाली. वरच्या मर्यादेवर गेला तर नळी फुटली. दोन्ही वेळा बूस्ट कमी व्हायला हवा. वेस्टगेट (बूस्ट मर्यादेत ठेवणारी टर्बोची झडप) हवेच्या सोलेनॉइडवर चालत असेल तर सेन्सरच्या रिलेने त्या सोलेनॉइडची वीज तोडा, बूस्ट स्प्रिंगच्या दाबावर येतो. पण तिसऱ्या पिढीच्या १.८ आणि २.० टीएसआयमध्ये वेस्टगेट विजेच्या मोटरवर चालतं. तिथे वायर तोडली तर ईसीयू दोष नोंदवून भलतंच काही करतो. अशा गाडीत ट्यूनरकडून ईसीयूला एक इनपुट शिकवून घ्या, ज्यावर तो सौम्य मॅपवर जाईल. ट्यूनरला हे जमत नसेल तर मॅपला हातच लावू नका. आधीचाच मॅप ठेवा, फवारा फक्त उन्हाळ्याचा आधार म्हणून वापरा आणि इशाऱ्याचा दिवा डोळ्यांसमोर लावा. दिवा पायाशी लावला तर तो पेटल्याचं ट्रॅकवरून परतल्यावर कळतं.

८. पाण्याने थंड चाचणी

नोझल पाइपमधून काढा, मोजपात्रात धरा, कंट्रोलरच्या चाचणीच्या बटणाने पंप पूर्ण चालवा.

घड्याळ लावून ६० सेकंद मोजा. इथे समोर बूस्ट नाही, म्हणून हिशेबापेक्षा किंचित जास्त यायला हवं. खूप कमी आलं तर फिल्टर, दुमडलेली नळी किंवा व्होल्टेज बघा. पंप चालू असताना त्याच्या टोकांवर १२ व्होल्टच्या खाली मोजलं जात असेल तर वायर बारीक आहे.

मग फवारा नुसता बघा, शक्यतो काळ्या कापडासमोर. शंकूसारखा धुक्याचा झोत हवा, समोर धरलेला हात दमट व्हावा पण थेंब ओघळू नये. मधे एखादी सरळ धार दिसली तर नोझलमध्ये कचरा आहे. पंप बंद केला की एक-दोन थेंबांनंतर सगळं थांबलं पाहिजे. ठिबकत राहिलं तर सोलेनॉइड उलटा बसला आहे. त्याच्या अंगावरचा बाण बघा.

शेवटी नळी मुद्दाम काढून आणि टाकी मुद्दाम रिकामी करून सेन्सर बोलतो का ते तपासा. ही चाचणी टाळली तर आत्तापर्यंतचा सगळा खटाटोप अर्धवट आहे.

९. पाणी कोणतं, मिश्रण कसं

नळाचं पाणी नको, बोअरचं तर मुळीच नको. क्षार नोझलमध्ये आणि वाल्ववर बसतात. घरच्या आरओच्या पाण्यातही क्षार उरतात. बॅटरीच्या दुकानात पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळणारं डीएम (क्षार काढलेलं) वॉटर घ्या आणि टीडीएस मीटरने तपासा, आकडा ५ च्या आत हवा. काचा धुण्याचं तयार द्रावण वापरू नका, त्यातला साबण फेसाळतो आणि थर सोडतो.

पाण्यावर सगळं नीट चालल्यावरच मिथेनॉलचा विचार करा. आकारमानाने जास्तीत जास्त ५० टक्के, त्यापुढे नाही. उघड्या हवेत, लहान धारेने, गॉगल घालून मिसळा. मिसळताना द्रव किंचित कोमट होतो. कॅनवर मोठ्या अक्षरात ‘विष, ज्वलनशील’ आणि तारीख. लक्षात ठेवा, निम्मं-निम्मं मिश्रणही आपल्या उन्हाळ्यात सहज पेट घेतं. तयार मिश्रण डिकीत घालून कोइमतूरपर्यंत नेऊ नका, प्रवासाला फक्त पाणी.

१०. कंट्रोलर लावणं आणि लॉग

फवारा कमाल बूस्टच्या निम्म्यावर सुरू व्हावा आणि कमालच्या थोडा आधी पूर्ण व्हावा. १.२ बारच्या गाडीत ०.६ बारला सुरुवात, १.१ बारला पूर्ण. कंट्रोलरवर आकडे पीएसआयमध्ये असतात: साधारण ९ आणि १६.

स्पार्क प्लग एक श्रेणी थंड (उष्णता लवकर सोडणारे) घ्या आणि फट ०.७ वरून ०.६ मिलीमीटरवर आणा. मग पहिल्या पायरीतलाच लॉग, तशाच उन्हात, पुन्हा घ्या. बघायचं टायमिंगकडे. हवेचं तापमान वीस अंशांनी उतरलेलं दिसलं तरी भुलू नका, सेन्सर ओला असू शकतो. प्रत्येक सिलिंडरचं मागे घेतलेलं टायमिंग पाच अंशांवरून एक-दोनवर आलं तर काम झालं.

फवारा सुरू होताना झटका बसला तर सुरुवात ०.१ बारने वर सरकवा. वरच्या आरपीएमला अडखळली तर नोझल लहान करा. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर लॉग.

मॅप बदलायचाच असेल तर ट्यूनरला सांगून ठेवा की फवारा बंद करूनही एक पूर्ण फेरी डायनोवर मारायची आहे. सौम्य मॅपवर गाडी उतरते का आणि नॉक होतो का, ते तिथे त्याच्यासमोर कळू द्या. हे करायला जो नकार देतो त्याच्याकडे हे काम देऊ नका.

११. देखभाल

ट्रॅकवर वीस मिनिटांच्या सत्रात निम्मा वेळ पूर्ण फवारा धरला तर १८० मिलीलीटरच्या नोझलला १.८ लिटर लागतं. प्रत्येक सत्राआधी टाकी भरा आणि चाचणीचं बटण दाबून दिवा बघा.

दर महिन्याला नोझल काढून मोजपात्राची चाचणी परत करा. आकडा दहा टक्क्यांनी घसरला तर नोझलची जाळी साफ करा. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर थोडं पाणी तेलात जातंय. इंजिन पूर्ण तापण्याआधी फवारा चालू देऊ नका आणि तेल निम्म्या अंतरावर बदला. मिथेनॉल वापरत असाल तर दर सहा महिन्यांनी नळ्या वाकवून बघा. कडक, पिवळट झालेली नळी बदला.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर मिश्रण काढून टाका आणि निव्वळ डीएम पाण्याने पंप दोन मिनिटं चालवा. विकताना मूळ मॅप परत घाला, टाकी-पंप उतरवा आणि बंगमध्ये एनपीटीचाच प्लग बसवा, बीएसपीचा नाही.